कडूकाकांच्या हातातली किल्ली

कडूकाका दुसऱ्याच्या वर्मावर बोट ठेवून थांबत नसत. ते बोट तिथे फिरवत. स्वतःच्या एकुलत्या एका मुलाच्या दहाव्याला, भेटायला आलेल्या माणसांपुढे ते म्हणाले होते, "गाडी नाय बुडाली. त्याचा माज बुडाला." तो मुलगा म्हणजे माझा नवरा, सचिन. नेरे गावाच्या पुढे ओढ्यावरच्या फरशीपुलावरून पाणी वाहत असताना त्याने मित्राची गाडी त्यात घातली होती. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. ते वाक्य मला तिथवर ऐकू आलं.

कडूकाका हे नाव आमच्या पनवेलच्या सोसायटीने ठेवलेलं. मी त्यांना बाबा म्हणे. घराणं करंज्याच्या कोळ्यांचं, पण त्यांनी जन्मभर बंदरात क्रेन चालवली. "समुद्राला आमी नमस्कार करतो," ते म्हणत, "ओढ्याला कोण करत नाय. म्हणून ओढाच मारतो." सासूबाई आधीच गेल्या होत्या. सचिननंतर घरात आम्ही दोघंच उरलो आणि एकमेकांना टाळायला जागाही पुरेशी नव्हती.

पुढच्या वर्षी मला डोंगराखालच्या एका वाडीवरच्या शाळेत नोकरी लागली. नेऱ्यापर्यंत डांबर, मग दगडमातीची वाट, शेवटी ओढा. मी खारघरच्या एका जोडप्याची वापरलेली छोटी एसयूव्ही घेतली. पांढरी, चकचकीत, दाराखाली चंदेरी पायऱ्या. बाबा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. "नवरी आणलीस का गाडी?" मग टॉर्च घेऊन खाली सरपटले आणि तिथूनच ओरडले, "वरून रंग, खालून गंज! तुला माणसं कळत नाय, गाडी काय कळणार."

त्या उन्हाळ्यात त्यांनी तिचे सगळे दागिने उतरवले. खडकावर सगळ्यात आधी घासणाऱ्या त्या पायऱ्या गेल्या, समोरची लोंबती प्लॅस्टिकची पट्टी गेली. रुंद गुळगुळीत टायर जाऊन जाड, खडबडीत नक्षीचे आले. थकलेले शॉकअप बदलले, गंज खरवडून काळा रंग मारला, इंजिनाखाली लोखंडी पत्रा बसवला, मागेपुढे ओढायला भक्कम हूक लावले. डिकीत दोर, फावडं आणि हवेचा पंप. गॅरेजवाल्याने इंजिनाची हवा घेणारी नळी टपापर्यंत उंच करून देतो म्हटलं, तेव्हा बाबा त्याच्यावर खेकसले, "पाण्यात जायचंच नाय, तर नाक कशाला लांब करायचं?" शेवटी त्यांनी माझ्या सीटशेजारी एक छोटा हातोडा अडकवला. काच फोडायचा. तो कशाला, हे मी विचारलं नाही.

शिकवतानाही दया नाही. "चार चाकं हायेत, पण ओढणारी पुढची दोनच. मागची दोन तुझ्या नवऱ्यासारखी, नुसती संगतीला." नेऱ्याजवळच्या एका पडीक शेतात त्यांनी मला मुद्दाम चिखलात घालायला लावलं आणि स्वतः बांधावर शेंगदाणे खात बसले. गाडी रुतली, मी रडायला लागले. "आधी रडून घे," ते म्हणाले. "मग फावडं घे. दोन्ही एकदम नाय जमत." टायरची हवा थोडी कमी करून, चाकांपुढची माती उपसून मी गाडी बाहेर काढली. तोवर शेंगदाणे संपले होते. त्यांनी टरफलं झटकली आणि म्हणाले, "आता परत घाल."

पाऊस जास्त असला की ते माझ्याबरोबर शाळेत येऊन बसत. श्रावणातल्या अशाच एका दुपारी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या भागीबाईला लाकडाच्या ढिगात साप चावला. आम्ही तिला मागच्या सीटवर घेतलं, डोकं तिच्या नवऱ्याच्या, लहानूच्या मांडीवर. ओढ्याशी आलो तर पाणी तांबडं, फुगलेलं. बाबा काठी घेऊन आत शिरले, थोड्याच अंतरावरून परतले आणि त्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

"नाय."

"काका, पाणी मांडीइतकं बी नाय!" लहानू ओरडला.

"गाडीला तेवढं पुरतं."

"बाबा, ती मरेल!" मी म्हणाले.

"एकटी मरंल," ते म्हणाले.

मी त्यांच्या मुठीवर नखं मारली. लहानू त्यांच्या पाया पडला, मग त्याने आईवरून शिव्या दिल्या. बाबा पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. त्या वेळात एखादा मोठा ओंडका गडगडत आला असता, तर त्यांची बाजू खरी ठरली असती. तसं काही आलं नाही. पाणी वाहत राहिलं आणि मग ओसरलं. तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या मांडीवर टाकली. भागीबाई पनवेलच्या दवाखान्यात पोचली आणि गेली. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. ते हे सगळ्यांनाच म्हणत असतील.

दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच वाडीवर गेले. लोकांनी त्यांना अंगणात येऊ दिलं नाही. लहानू त्यांच्या तोंडावर थुंकला. ते तसेच उभे राहून म्हणाले, "मला बोल. बाईला काय बोलू नको, किल्ली माझ्याकडं होती." हे मला शाळेतल्या शिपायाकडून कळलं, घरी त्यांनी फक्त जेवायला काय आहे ते विचारलं. त्यानंतर ते गाडीत कधी बसले नाहीत. मी एकदाच विचारलं, "बाबा, तुम्ही चुकलात का?"

"म्हाइत नाय," ते म्हणाले. "तू जिवंत हायेस, येवडं म्हाइत हाय. आता भात वाढ."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते झोपेतच गेले. दहाव्याला सोसायटीतली माणसं थोडा वेळ बसून गेली. दुपारी दारात लहानू उभा. आत येऊन खाली बसला. "म्हातारा मेला ते बरं झालं," तो म्हणाला. मी त्याला चहा दिला. त्याने तो सावकाश संपवला.

"बाई, खरं सांगा. तुमी पाण्यात घातली असती का?"

"घातली असती."

"पोचलो असतो?"

"ठाऊक नाही. सचिनलाही वाटलं होतं, पोचू."

लहानूने रिकामा कप बाजूला सारला. "मग म्हाताऱ्याचं बरोबर बी असंल," तो म्हणाला. "पण मी त्याला माफ नाय करनार."

"करू नकोस," मी म्हणाले. "त्यांनी माफी मागितली नसती."