बूट काढलेले शिपाई

नागपूरच्या उन्हात तापून निघालेल्या विक्षिप्त माणसांची मला कधी कमतरता पडली नाही. पण तोंडाकडे ढुंकूनही न बघता नुसत्या पायांवरून माणूस पारखणारा इसम सबंध शहरात एकच, आणि तो नेमका सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मला पाहायला आले तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. पोहे संपेपर्यंत मान खाली घालून माझ्या पायांकडे पाहत बसले. माझ्या आईला वाटलं, बिचारा फार लाजाळू माणूस. उठताना म्हणाले, ‘पाय बरे आहेत.’ एवढ्यावर माझं लग्न ठरलं. पुढेही मी गेलो की माझे पाय आधी आत येत आणि मग मी, असा त्यांचा हिशोब.

मामाजींनी, म्हणजे आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात, उभी हयात कळमन्याच्या बाजारात धान्याची दलाली केली. मूठभर तूर तळहातावर पसरायची आणि बोटाने एकेक दाणा सरकवत माल पाहायचा, ही सवय हाडात मुरलेली. धंदा सोडला, तशी ती नजर फोटोंवर जाऊन बसली. आता ऐंशी ओलांडलीय, शहराच्या टोकाला बेसाला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, आणि भिंतींवर देव कमी अन् शिपाई जास्त. सगळे दुसऱ्या महायुद्धातले. डेकवर आंघोळ करणारे, वाळूत लोळलेले, पायांवरचे फोड एकमेकांना दाखवणारे. गोरे, काळे, आपले, सगळे. शिवाय आगबोटी. ज्या माणसाने अंबाझरी तलावापलीकडे पाणी पाहिलं नाही, तो धुराड्यावरून बोट मालाची की माणसांची हे सांगतो. समोरच्या भिंतीवर बाया. कारखान्यात राबणाऱ्या, पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या, बंदरावर रुमाल हलवणाऱ्या. मी एकदा विचारलं, या काहून? तर म्हणाले, याहीचे माणसं तिकडं गेले, म्हणून समोरासमोर लावले, पाहत राहतील एकमेकाले.

हा सारा दारूगोळा पाहून सोसायटीवाल्यांनी त्यांना निवृत्त कॅप्टन ठरवून टाकलं आणि पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवायला उभं केलं. भाषणात मामाजी एवढंच बोलले, की मी उंदीरही मारत नाही, पिंजऱ्यात धरून बाहेर सोडतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टनसाहेब विनोदीही आहेत म्हणे!

रविवारी जुन्या सामानाच्या बाजारात न्यायला ड्रायव्हर मी. तिथल्या फोटोवाल्याने एकदा रुबाबदार, मिशीवाल्या, चकचकीत बुटांतल्या पलटणीचा मोठा फोटो काढून ठेवला होता. मामाजींनी तो नाकारला. फोटोवाला वैतागला, ‘मामाजी, सिपाही बिना जूते के लडता है क्या?’

‘लढत नसन,’ मामाजी म्हणाले, ‘पण झोपत तं असन ना.’

मी आपला तोंड दाबून हसलो. परतताना गाडीत मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि माझं हसू जिथल्या तिथे विरलं. त्यांचे वडील खापा गावचे. लग्न होऊन काही महिने झाले, तोच फौजेत भरती झाले. बोटीत बसल्याची खबर आली, उतरल्याची आली नाही. सरकारने ‘बेपत्ता’ म्हणून कळवलं. तेव्हा मामाजी पोटात होते. फोटो एकही नाही. खाप्यात तेव्हा फोटो काढतो कोण? आणि माय? सासू-सासऱ्यांपुढे डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, मान खाली. नवऱ्याकडे वर डोळे करून पाहणं म्हणजे निर्लज्जपणा. ‘मायनं बाबूजीचं तोंड धड पाह्यलंच नाही, जवाईबापू,’ ते म्हणाले. ‘मी विचारो, कसे दिसत होते वं? तं ते पायच सांगे. डाव्या पायाची करंगळी बाजूच्या बोटावर चढलेली होती म्हणे.’ ती माऊली कुंकू लावतच जगली आणि कुंकू लावूनच गेली.

अक्षय तृतीयेला आपल्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरतात. मामाजी दरसाल मायची एकच घागर भरत. बाबूजींची कधीच नाही. घागर भरायची म्हणजे माणूस गेला असं आपल्या हाताने कबूल करायचं.

यंदा चैत्रात फोटोवाल्याने एक कोपरा फाटलेला फोटो दिला. आगबोटीच्या डेकवर आपले जवान ओळीने झोपलेत, ऊन चुकवायला टोप्या तोंडावर ओढलेल्या, बूट उशाशी आणि उघडे तळपाय कॅमेऱ्याकडे. मामाजींनी भिंग काढलं. तुरीचे दाणे सरकवावेत तसं बोट एकेका पायावरून सरकू लागलं, आणि थांबलं. पुढे सरकेचना. मी वाकून पाहिलं. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. अशी करंगळी खाप्यातच दहा जणांची निघेल, हे माझ्या ओठावर आलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही हे सर्वांना ठाऊक आहे, पण मी पाकीट काढून फोटोवाल्याचे पैसे चुकते केले.

घरी बायकोने फोटो उलटसुलट पाहिला आणि हळूच म्हणाली, ‘पण बाबा, तोंड तं दिसूनच नाही राहिलं.’

‘बापाच्या तोंडाच्या पाया पडतं का कोणी?’ मामाजी म्हणाले. ‘पायच पाह्यजेत. ते भेटले.’

तो फोटो त्यांनी अगदी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठोकायला लावला. अक्षय तृतीयेला त्याच्यापुढे दोन घागरी भरल्या. आंब्याचा रस वाढला. मग गुडघे धरत धरत म्हातारा खाली बसला आणि फोटोतल्या पायांवर त्याने कपाळ टेकलं. बराच वेळ उठला नाही. ऐंशी वर्षं ओलांडून माणूस त्या दिवशी पोरका झाला. बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मला तर जायलाही जागा नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी मामाजींचा फोन आला नाही, म्हणून मीच गेलो. म्हणाले, आता बाजारात काय करू जाऊन? दारात मी नेहमीसारखी चप्पल काढली, पाय त्यांना दिसतील असे उभा राहिलो. पण ते खाली पाहीनात. माझ्या तोंडाकडेच बघत राहिले, नवीन माणूस आल्यासारखे.

‘जवाईबापू,’ ते म्हणाले, ‘तुमाले चष्मा कधी लागला गा?’

‘लग्नाच्या आधीपासून आहे, मामाजी.’