वर सासरा, खाली जावई

सौंसरला संत्र्याच्या रसाचा कारखाना काढायचा म्हणून एका सासऱ्यानं आणि त्याच्या पांढुर्ण्याच्या जावयानं आधी नागपूरहून कॉम्प्युटर आणला. कारखाना मागाहून. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कर्जासाठी कॉम्प्युटरवर छापलेला अहवाल पाहिला की बँकेचा साहेब खुर्चीतून उठतो, अशी दोघांची श्रद्धा. मशीन चालवायला मी. नववीत शाळा सुटलेली, सांगलीकडची, टायपिंगच्या जोरावर एवढ्या लांब आलेली. अहवाल आज दुपारच्या बसनं छिंदवाड्याच्या बँकेत गेला नाही तर मशीन नागपूरला परत आणि मी सांगलीला, हे सासऱ्यानं, म्हणजे मालकांनी, सकाळीच सांगून टाकलेलं.

तरी मी हुशारी केली. फाइलच्या सुरुवातीला, ओळीच्या अगदी पहिल्या घरात एक टिंब, पुढं आज्ञेची दोन अक्षरं, मग मालकांचं नाव. झालं, प्रत्येक पानाच्या डोक्यावर ते आपोआप. तसंच पायथ्यासाठी; तिथं जावयाचं नाव आणि पानाचा आकडा. प्रिंटर करकरत सुटला. मालकांनी पहिलं पान हातात घेतलं, हसले, आणि लगेच पांढरे पडले.

“अवो बाई, जावईबापूले खाली टाकलं? लग्नात मी यायचे पाय धुतले, अन् तू यायले माह्या पायाशी बसवून राहिली!”

“राहू द्या मामाजी, तुम्ही मोठे,” जावई म्हणाला.

“नाही, तुम्हीच वर.”

मी नावं उलटवली, पुन्हा छापलं. आता जावई कासावीस. “मामाजीच्या डोक्यावर बसू का मी? आमच्या पांढुर्ण्याचे लोक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीचीबी वाट नाही पाहणार, आजच दगडं उचलतील!”

पुन्हा उलट. मशीनला काय, त्याला ना सासरा ना जावई. सांगाल ते पानोपानी छापणार. बसला तासभर उरला.

तेवढ्यात मालकांची लेक, म्हणजे जावयाची बायको, दोघांचा डबा घेऊन आली. जमिनीवरचं एक पान उचलून तिनं वाचलं.

“कर्ज कोणाच्या नावानं मागून राहिले?”

बाईच्या नावावर सवलत मिळते म्हणून कागदोपत्री सगळा कारखाना तिचाच होता.

“सह्या माह्या, अन् वर-खाली तुम्ही दोघं?” मग माझ्याकडं वळून, “टाक वं माहं नाव वर. खाली नुसता आकडा.”

दोन ओळी बदलल्या. शेवटची पानं जावयानं प्रिंटरमधून जवळजवळ ओढूनच काढली आणि कडांच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडत स्टँडकडं पळाला. बस मिळाली.

लेकीनं डबा उघडला. सकाळची धमकी तिच्याही कानावर गेली होती. “अन् हिले सांगलीले कोण पाठवून राहिलं होतं?”

“कोणीच नाही,” मालक भाजीकडं बघत म्हणाले.

तिनं नवऱ्याच्या वाटणीची भाकर माझ्यापुढं सरकवली. “जेव. उद्या दहाला ये.”

मी जेवले. सगळी भाकर संपवली.