लॅपटॉपातले मानपान

माझ्या ताईला कुणी संथ म्हटलं की माझं डोकंच फिरतं. संथ? अहो, तुम्ही वाक्य संपवून श्वास घेईपर्यंत या बाईचा पूर्णविराम पडलेला असतो. मी शिवणकाम करणारी, मशीनवर बसले की माझाही हात काही कमी चालत नाही. पण ताईच्या बोटांपुढं मी केव्हाच हात टेकलेत.

तिचं कामच तसं आहे. एका कॉलेजात ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शेजारी ती लॅपटॉप घेऊन बसते. शिक्षक बोलतात, ताई टाइप करते आणि मुलांपुढच्या दुसऱ्या पडद्यावर ते शब्द उमटत जातात. आधी ती एका वकिलांकडे टायपिस्ट होती. ते गेले, ऑफिस बंद झालं, तेव्हा घरातल्यांना वाटलं की आता ही स्वयंपाकघरात रमेल. ती रमली नाही. या वयात नवीन काम शिकली आणि त्यात असा जीव ओतला की विचारू नका.

या कामाचा एक नियम आहे. खोलीत जे जे कानावर पडेल, ते ते पडद्यावर गेलंच पाहिजे. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही, गोडही करायचं नाही. शिक्षकांनी विनोद केला तर विनोद, मागच्या बाकावरून कुणी शिवी दिली तर शिवी. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, वाईट बोललेलं सोडून द्यावं." तर म्हणाली, "बाकीच्यांना ऐकू येतं ना? मग माझ्या मुलांनाही कळू दे. काय ऐकायचं ते ठरवणारी मी कोण?"

बाहेर इतकी करारी बाई. घरात मात्र 'असू दे' हा तिचा मंत्र. नणंदेनं दिलेली बेढब फुलदाणी? असू दे. शेजारणीनं गळ्यात मारलेलं घड्याळ, जे फक्त टिकटिकतं, वेळ दाखवत नाही? असू दे, तिला वाईट वाटेल. या 'असू दे'नंच सगळा घोटाळा केला.

लॅपटॉप चांगला होता. अगदी चांगला. तो ताईनं स्वतः पारखून घेतला होता, कारण कॉलेजात ज्याचं त्यानं आणायचं असतं. पण घरात एकुलता एक लॅपटॉप म्हटल्यावर तो एकटीचा कसा राहील? तिच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या लग्नाचे झाडून सगळे व्हिडिओ त्यात शिरले. ज्यात नुसतेच पाय दिसतात, तेसुद्धा. दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, रेडिओ ऐकायची सोय करून घेतली. लॅपटॉप उघडला की तो रेडिओ आपणहून जागा व्हायचा. हवामान सांगणारं काहीतरी होतं, तेही जागं व्हायचं. खिडकी उघडून आभाळ बघायला काय होतं, मी विचारते!

मग लॅपटॉप हळू झाला, आणि घरातले वैद्य गोळा झाले.

पहिले ताईचे दीर. यांचा स्वभाव उंटावरून शेळ्या हाकण्याचा. सोफ्यावरून न उठता म्हणाले, "वहिनी, व्हायरस असणार." आणि त्यांनी व्हायरस पकडणारा प्रोग्राम टाकला. आधी एक होताच. आता दोन झाले, आणि दोघं दिवसभर एकमेकांवरच पहारा ठेवू लागले. मग जावईबापू आले. यांचं ऑफिसात कॉम्प्युटरवर काम, त्यामुळे सासरी यांचा शब्द शेवटचा. त्यांनी लॅपटॉप वेगवान करणारा खास प्रोग्राम टाकला. पडद्याच्या मधोमध एक हिरवं रॉकेट उडायचं आणि खाली अक्षरं यायची, 'अभिनंदन! तुमचा लॅपटॉप आता पूर्वीपेक्षा वेगवान आहे!' ते रॉकेट उडून जाईपर्यंत बाकी सगळं ठप्प. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

आता साधी गोष्ट. एक औषध लागू पडलं नाही तर माणूस ते बंद करून दुसरं घेतो. पण इथं औषधांना मानपान होते ना! दिरांनी टाकलेलं जावई कसं काढणार? ते पडले चुलतसासरे. जावयांनी टाकलेलं दीर कसं काढणार? जावयाचा अपमान होईल. दाजींचा रेडिओ तर दाजींचाच. त्यामुळे जो तो यायचा, मान हलवायचा आणि आधीच्या ढिगावर आपलं एक ठेवून जायचा. काढायचं कुणीच नाही.

बरं, ताईला हे कळत नव्हतं असं समजू नका. कुठला प्रोग्राम किती खातोय, ते दाखवणारी यादी तिनं मला उघडून दाखवली होती. सगळ्यात वर हिरवं रॉकेट. मी म्हटलं, "मग काढ की!" तर आवाज खाली आणून म्हणाली, "हळू बोल. जावयांनी टाकलंय. पुढच्या वेळी आले आणि दिसलं नाही तर?" मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि एवढं करून दोष कुणाला? तिलाच! "आई, तुम्ही कळा जरा जोरात दाबता." "वहिनी, एका वेळी दोन कामं सांगू नका त्याला." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते दुसरं काय असतं?

अशात ताई जिच्या शेजारी बसायची, त्या एका मुलीची तोंडी परीक्षा आली. ही मुलगी रक्ताच्या, लघवीच्या तपासण्या करायचं शिक्षण घेत होती. जन्मापासून ऐकू येत नाही, पण बोलते. आवाज थोडा चढा लागतो, इतकंच. हुशार तर इतकी की ताईचा घास तिच्या कौतुकाशिवाय घशाखाली उतरत नसे. हे शेवटचं वर्ष. एका प्रयोगशाळेनं तिला सांगून ठेवलं होतं, पास झालीस की ये. सगळी भिस्त या तोंडी परीक्षेवर.

त्या दिवशीचं ताईनं मला नंतर सांगितलं. टेबलापलीकडे दोन परीक्षक. अलीकडे मुलगी, तिच्यापुढं पडदा, बाजूला ताई. मोठ्या सरांनी पहिला प्रश्न विचारला, ताईची बोटं चालली, आणि पडद्यावर काहीच नाही. लॅपटॉप गिळून बसला. सर ताटकळले, पुढचा प्रश्न विचारून मोकळे झाले. मग पहिल्या प्रश्नाचे शब्द भसाभसा बाहेर पडले. मुलीनं वाचलं आणि पहिल्याचं उत्तर दिलं, अगदी बरोबर. पण सरांना वाटलं, हे दुसऱ्याचं उत्तर, म्हणजे चूक. तिसऱ्याला तेच. चौथ्याच्या ऐन मध्यावर मुलीच्या पडद्यावर हिरवं रॉकेट उडालं, 'अभिनंदन!' म्हणून.

ताई म्हणाली, "सर, माझं यंत्र अडकतंय, जरा थांबा." मोठे सर म्हणाले, "बाहेर रांग लागली आहे बाई, किती थांबायचं?" आणि मग शेजारच्या परीक्षकाकडे वळून, मुलीला तसंही ऐकू येत नाही अशा बेफिकिरीनं म्हणाले, "हिची समज मंद दिसते. आणि या बाईंचंही वय झालंय, दुसरं कुणीतरी आणायला सांगा."

माझ्या ताईनं ते टाइप केलं. शब्द न् शब्द. 'हिची समज मंद दिसते.' आपल्या हातानं त्या पोरीपुढं लिहिलं, आणि त्याखाली स्वतःबद्दलचंही लिहिलं. ते शब्दसुद्धा उशिरा उमटले. सरांनी चहाचा कप तोंडाला लावला होता, तेव्हा मुलीनं ते वाचलं. तिनं ताईकडे बघितलं. ताई मला म्हणाली, "तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं."

मुलगी नापास. कागदावर शेरा, 'आकलन मंद.' कॉलेजच्या मुख्य बाईंनी ताईला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की फेरपरीक्षेला दुसरं कुणी बसवू, तुम्ही आराम करा. तेव्हा ती मुलगी तिथं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू नसतील तर मी परीक्षेला बसणार नाही." काय मुलगी आहे! मुख्य बाईंचा नाइलाज झाला. पण त्यांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर तुम्ही कामावर नाही, आणि हिचं वर्ष गेलं.

पुढच्या रविवारी ताईकडे सगळे जेवायला होतो. लेक, जावई, दीर, दाजी, मी. ताई वाढत होती आणि परीक्षेत काय झालं ते सांगत होती. सांगतानाही रॉकेटचं नाव काही घेतलं नाही तिनं. म्हणाली, "यंत्र अडकलं." मी आमटीत बुडवलेला घास तसाच धरून बसले होते. बोलू की नको!

जावईबापू म्हणाले, "आई, काळजी नको. माझ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आहे, आणखी जोरदार. जेवण झालं की टाकून देतो." दीर म्हणाले, "माझ्याकडेही एक आहे." दाजींनी मान डोलावली. आणि मग जावईबापू हसत हसत म्हणाले, "आणि खरं सांगू का आई, सगळा दोष लॅपटॉपवर कशाला? त्या मुलीचीही समज जरा कमीच असेल."

ताईच्या हातातला डाव पातेल्यात खण्णकन पडला. ती तडक आत गेली, लॅपटॉप घेऊन आली, आणि टेबलावरची भांडी कोपरानं सरकवून त्यांच्या मध्येच तो उघडला. सुरू व्हायला त्यानं त्याचा वेळ घेतलाच. रेडिओ बोलू लागला. हवामान आलं. रॉकेट उडालं. सगळे बघत होते.

"हे बघा तुमचं रॉकेट," ताई म्हणाली. "हे मुलीच्या प्रश्नावर येऊन बसलं होतं. तिची समज मंद नाही. माझीच मंद, की तुम्हा सगळ्यांची मनं राखता राखता मी त्या पोरीचा बळी दिला."

आणि तिनं काढून टाकायची कळ दाबली. तर काय, तो प्रोग्राम रुसला! रडका चेहरा आला आणि खाली, 'खरंच जायला सांगताय? आमचं काही चुकलं का?' मला हसू आवरेना. अहो, प्रोग्रामलाही रुसवे-फुगवे! ताई म्हणाली, "हो, चुकलं," आणि पुन्हा कळ दाबली.

"अगं, जावई आहेत ते!" दाजी कुजबुजले.

"आहेत ना. जावई घरात आहेत, त्यांचा मान घरात. लॅपटॉपात कुणाचा मान नाही."

जावईबापूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आई, माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे हो. तुमच्या रॉकेटवर नाही."

मग दिरांचा पहारेकरी गेला. दीर म्हणाले, "वहिनी, व्हायरस आला तर?" ती म्हणाली, "एक पहारेकरी आहे अजून. तो मी ठेवलाय." दाजींचा रेडिओ गेला, हवामान गेलं. लग्नाचे व्हिडिओ तिनं वेगळ्या डिस्कवर भरले आणि ती डिस्क लेकीच्या हातात ठेवली, "तुझं लग्न आता तू सांभाळ." लेक खो खो हसली. लॅपटॉप बंद करून ताईनं पुन्हा चालू केला. आमचं ताक पिऊन होण्याआधी तो तयार होता, निमूट, कोरा पडदा घेऊन. जावईबापू हात धुऊन लवकरच निघाले. पुढं कितीतरी दिवस ते सासरी फिरकले नाहीत, आणि ताईनं तेही सोसलं. 'असू दे' म्हणाली, पण या वेळी तिचा सूर निराळा होता.

फेरपरीक्षेत मुलगी पास झाली आणि ताईची खुर्चीही राहिली, हे आधीच सांगून टाकते, उगाच जिवाला घोर नको. परीक्षक तेच होते. मोठे सर बोलत होते आणि शब्द जसेच्या तसे, बोलता बोलता पडद्यावर उमटत होते. त्यांनी विचारलं, रक्ताची नळी जोरात हलवली तर काय होतं? त्यांचं 'होतं' संपतं न संपतं तोच मुलगी म्हणाली, पेशी फुटतात, पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, नमुना पुन्हा घ्यावा लागतो. पुढचा प्रश्न, लगेच उत्तर. त्याच्या पुढचा, लगेच उत्तर. शेजारचे परीक्षक कागद उलटायचे विसरले.

मोठे सर खूश झाले. मागं रेलून म्हणाले, "वा! या वेळी अभ्यास केलेला दिसतोय. मागच्या वेळी काय झालं होतं?"

ताईनं टाइप केलं. मुलीनं वाचलं आणि त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाली, "मागच्या वेळीही मला एवढंच येत होतं, सर. तुम्ही थांबला नाहीत."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुलगी पडद्याकडे बघत राहिली, काहीतरी येईल म्हणून. ताईची बोटं कळांवर तयार होती. पण सर बोललेच नाहीत, तर ती बिचारी टाइप तरी काय करणार?