पाडव्याचा पाट

बाजारातून जाताना गुत्ता जवळ आला की आमचे वडील, दादा, छत्री उघडत. पाऊस असो वा नसो. ऐन थंडीत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना त्यांची काळी छत्री गुत्त्याच्या बाजूला कलंडायची आणि तेवढं दुकान मागे पडलं की पुन्हा मिटायची. गावात नवीन आलेल्यांना वाटे, मास्तरांना दारूचा विटाळ होतो. तसं काही नव्हतं. गुत्त्याच्या बाकावर बसणाऱ्यांपैकी निम्म्यांची पोरं दादांच्या वर्गात होती. मास्तर दिसले की ही माणसं धडपडत उठायची, हातातला पेला पाठीमागे न्यायची आणि "नमस्ते मास्तर" म्हणायची. त्यांच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून छत्री. "दुसऱ्याची लाज आपण झाकावी, आपली देव झाकतो," असं ते म्हणत. देवाने हे काम त्यांच्या बाबतीत नीट केलं नाही.

पोर्तुगीज जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. सिल्वासात नवी कचेरी, नव्या शाळा निघाल्या होत्या आणि मुंबई-कोकणातले मास्तर, कारकून बायकामुलांसह तिथे येऊन पडत होते. दादा देवगडकडचे. मराठी शाळेत ते चौथीला गणित शिकवत. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे तुळस, एवढं आमचं घर, आणि घरात आई, दादा, ताई आणि मी.

कोकणात असताना दिवाळीला आमच्याकडे चिटपाखरू फिरकत नसे. सिल्वासाला आलो आणि नातेवाइकांच्या प्रेमाला एकाएकी भरती आली. कारण उघड होतं. मुंबईत दारूबंदी, गुजरातेत दारूबंदी, आणि आमच्याकडे दारू राजरोस मिळायची. मुंबईहून गाडीने वापी, वापीहून मोटारीने सिल्वासा, असे मामा, चुलतमामा, त्यांच्या कचेरीतले मित्र दिवाळीच्या सुट्टीत उतरू लागले. दादा स्टँडवर जाऊन त्यांची वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेत. पहाटे उठून त्यांच्यासाठी पाणी तापवत. संध्याकाळी ही मंडळी "जरा नदीवरची हवा खाऊन येतो" म्हणून जात आणि तोंडात लवंगा धरून परत येत. दादा म्हणत, "दमणगंगेची हवा चांगलीच आहे."

आई म्हणायची, "अहो, हे तुम्हाला भेटायला येत नाहीत. ते गावाला भेटायला येतात."

"आलेल्या माणसाला का आलास, असं विचारू नये," दादा म्हणत. "आला, हेच पुष्कळ."

त्यांच्या तोंडातून 'नाही' हा शब्दच फुटत नसे. एकदा गणपतीत दोन घरांची जेवणाची आमंत्रणं एकाच दुपारी आली. दादांनी दोन्हीकडे हो म्हटलं, दोन्हीकडे मोदक खाल्ले, आणि घरी आईने पान मांडलंय हे पाहून तिसऱ्यांदा बसले. मग दोन दिवस ओव्याचं पाणी पीत पडून होते. आम्ही हसलो. ते म्हणाले, "हसा. पण कुणाचं मन मोडलं का?" असा माणूस बाप म्हणून लाभला की लहानपणी मजा वाटते. मोठं होताना त्याचीच लाज वाटू लागते, आणि ती कुणाला सांगता येत नाही.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मॅट्रिक झालेली, दिसायला नीटस, मोजकं बोलणारी. तिच्या लग्नाचं जमत नव्हतं, कारण सिल्वासा म्हटलं की मुंबईकर विचारायचे, "ते कुठं आलं?" त्या वर्षी नवरात्र संपता संपता आईचा चुलतभाऊ वसंतमामा स्थळ घेऊन आला. मुलगा मुंबईला सरकारी नोकरीत. आणि मुलाकडची मंडळी दिवाळीत मुलगी बघायला स्वतः सिल्वासाला येणार होती. दादांना आनंद मावेना. मुलीच्या बापाने मुलीला घेऊन दारोदार फिरायचं, अशी त्या काळाची रीत. इथे वरपक्ष एवढा प्रवास करून येणार म्हणजे लग्न जमल्यातच जमा, असा त्यांनी हिशेब केला. गणिताच्या मास्तरांचा हा हिशेब पार चुकला. त्यांनी ओटा सारवून घेतला, भिंतींना चुना दिला, जवळच्या सुरंगी गावातून नव्या भाताचे पोहे मागवले. ताईने हिरवी साडी काढून उशाखाली घडी घालून ठेवली. तिची एवढीच तयारी, पण रोज ती घडी उघडून बघायची.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मंडळी आली. वसंतमामा, मुलाचे काका आणि आणखी तिघे. मुलाला रजा मिळाली नव्हती म्हणे. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि दादांना आत बोलावलं.

"मुलगी बघायला आले, आणि बरोबर एक बाई नाही?"

"पुरुषमाणसं आधी घर बघून घेतात," दादा म्हणाले. "बायका मागाहून येतील."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. ते तिच्याकडे बघत नव्हते.

मग वसंतमामाने दादांना तुळशीपाशी नेलं. मी पणत्या पुसत तिथेच बसले होते. एरवी आलेले आपलं आपण बघतात, पण हा वरपक्ष आहे, असं त्याचं म्हणणं. भावजी, मुलीच्या बापाने स्वतः आणून ठेवलं तर मान राखल्यासारखं होईल, असं तो दोनदा म्हणाला.  दादांनी खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि मला म्हणाले, "चल, पूजेच्या लाह्या-बत्तासे आणू."

लाह्या-बत्तासे आधी घेतले. मग ते गुत्त्याकडे वळले. छत्री त्यांनी उघडली नाही. सणाचा बाजार, अर्धं गाव रस्त्यावर. मला पायरीखाली थांबायला सांगून ते आत गेले. गल्ल्यावरचे शेठ ताडकन उठले.

"मास्तर, तमे? घरमां कोई बिमार छे?"

शेठनी त्यांना सुटायला वाट करून दिली होती. आजाऱ्यासाठी ब्रँडी नेणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. दादांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"शेठ," ते म्हणाले. "पाहुणे आहेत. काय द्यायचं असतं ते मला कळत नाही, तुम्हीच द्या."

 बाकावरच्यांपैकी एकानेही "नमस्ते मास्तर" म्हटलं नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण समोरच्या कापडदुकानात माझ्या वर्गातल्या दोघी आयांचा हात धरून उभ्या होत्या. येताना दादा झपझप पुढे चालत होते आणि पिशवीतून किणकिण आवाज येत होता. लक्ष्मीचा प्रसाद आणि पाहुण्यांच्या बाटल्या एकाच पिशवीतून आमच्या घरात शिरल्या.

पुढची खोली पाहुण्यांनी व्यापली, म्हणून आईने लक्ष्मीचा चौरंग उचलून चुलीशेजारी नेला. पूजा तिथेच झाली. बाहेर हसणं वाढत होतं. दादा चकल्या नेत, चिवडा नेत, पाणी नेत. न कळलेल्या विनोदांना हसत. मी दारातून ते हसणं पाहिलं. शाळा-तपासणीला साहेब आले की दादा असेच हसायचे. ताईने पाण्याचं भांडंसुद्धा बाहेर नेलं नाही, आईने तिला उंबरा ओलांडू दिला नाही.

पाडव्याची सकाळ मुलगी दाखवायला ठरली होती. ताई पहाटे न्हाली, हिरवी साडी नेसली, आईने तिच्या केसात अबोली माळली. पोहे झाले. बाहेर घोरणं चालूच होतं. पोहे गार झाले, आईने पाण्याचा हबका मारून पुन्हा वाफवले. ऊन ओट्यावर आलं तेव्हा मंडळी उठली. एकाने डोक्याला पंचा बांधला होता. मग मोटारीची वेळ झाली असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांची एकच घाई उडाली. ताई बश्यांचं तबक हातात धरून आतल्या दारापाशी उभी होती, हाक येण्याची वाट बघत. वसंतमामा आत आला.

"दे इकडे, उशीर होतोय," म्हणून त्याने तिच्या हातातलं तबक घेतलं आणि बाहेर नेलं.

त्यांनी पोहे खाल्ले, वा वा म्हटलं. वापीच्या वाटेवर नाक्यावर सामान उघडतात म्हणून उरलेल्या बाटल्या धोतरांत गुंडाळून आईने दिलेल्या चिवड्याच्या डब्यांत खुपसल्या. सगळे चपला घालू लागले तेव्हा दादा हळूच म्हणाले, "मुलीला बोलावू का?"

"अहो, घर पाहिलं, माणसं पाहिली," मुलाचे काका म्हणाले. "मुलगी काय, घरासारखीच असणार. कळवू आम्ही."

दादा म्हणाले, "हो, हो." सवयीने हसले. आणि त्यांची वळकटी खांद्यावर घेऊन स्टँडवर पोचवायला गेले. दादा तसे मवाळच, पण त्या क्षणी मला त्यांची जी लाज वाटली तिला आजही दुसरं नाव देता येत नाही. ती वळकटी त्यांनी ओट्यावरून खाली भिरकावून द्यावी, असं मला वाटत होतं.

ते परत आले तेव्हा ताई त्याच साडीत, त्याच दाराशी उभी होती. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"दादा, तुम्ही गावातल्या सगळ्यांची लाज झाकत आलात. आज माझी झाकायची होती."

 आईला काय करावं ते सुचेना, म्हणून तिने सणाचं जे करायचं तेच केलं. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन लावलं. पाडव्याला आधी ती दादांना ओवाळायची, मग आम्ही दोघी बहिणी. ती म्हणाली, "बसा."

"नको," दादा म्हणाले.

आम्ही तिघीही चमकलो. हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता.

"मला नका ओवाळू. मी त्या पाटावर बसायच्या लायकीचा राहिलो नाही." ते मागच्या दाराने तुळशीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. आईने निरांजन देवापुढे ठेवलं आणि पाट भिंतीला उभा केला. मुंबईहून काहीच उत्तर आलं नाही. येणार नाही हे त्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक होतं.

एवढ्यावर दादा बदलले असतील असं कुणाला वाटेल. पुढल्या दिवाळीत वसंतमामाचा निरोप आला, चौघे येतोय. येऊ नका म्हणायचं दादांना जमेना. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि घराला कुलूप लावून आम्हा सगळ्यांना सुरंगीला नेलं. तिथे त्यांचा एक जुना विद्यार्थी शाळा चालवत होता. शाळेच्या खोलीतच आम्ही पथारी टाकली. लोकांनी काकड्या, पोहे, तांदळाच्या भाकऱ्या आणून दिल्या. संध्याकाळी अंगणात वारल्यांचा तारपा वाजला, आणि आईला मी वर्षभराने मनापासून हसताना पाहिलं. स्वतःच्या घरातून पळून आलेल्या कुटुंबाला, का आलात, असं तिथे कुणीही विचारलं नाही. परत आल्यावर शेजारणीने सांगितलं, पाहुणे दुपारभर तुमच्या ओट्यावर बसले होते, शिव्या घालत गेले. आई म्हणाली, बरं झालं. दादा खाली मान घालून म्हणाले, "त्यांना पाणी तरी कुणी दिलं का?"

पाटाचं मात्र तसंच राहिलं. दर पाडव्याला आई पाट मांडायची, ताई तबक तयार करायची, दादा हळू आवाजात "नको" म्हणायचे आणि तुळशीला पाणी घालायला जायचे. ताई पुढे सुरंगीच्या त्याच शाळेत शिक्षिका झाली. तिथल्याच एका खानदेशी शिक्षकाशी तिचं लग्न झालं. त्यांची आई एकटीच मोटारीने मुलगी बघायला आली होती. ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि ताईशेजारी बसून भाजी निवडू लागली. दादा दारात उभे राहून नुसते बघत होते. लग्न छान झालं, संसार छान झाला. तरी पुढच्या पाडव्यांना तेच. ताई माहेरी येई, तबक सजवी, दादा नको म्हणत. ती एका शब्दाने आग्रह करत नसे. निरांजन देवापुढे ठेवून कामाला लागे. मला तिचा राग यायचा. किती दिवस डूख धरायचा, असं मनात येई.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका श्रावणात दादा गेले. गोडजेवण झाल्यावर आम्ही दोघी बहिणी भांडी पुसून फडताळात लावत होतो, तेव्हा मला राहवलं नाही.

"ताई, एकदा तरी 'बसा' म्हणायचं होतंस. तुझ्या शब्दाखातर बसले असते ते."

"बसले असते," ताई म्हणाली. "मला ठाऊक होतं. माझा राग तर त्याच दिवशी संध्याकाळी गेला होता."

"मग?"

तिने हातातलं तबक पुसून कोरडं केलं.

"कुणाला नाही म्हणता आलं होतं का त्यांना? जन्मात एवढं एकच 'नको' जमलं होतं गं. तेसुद्धा मी मोडायला लावायचं?"