सविताचा हात अकोल्यातच गेला

सवितावर अन्याय झाला तो दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारच्या जेवणानंतर, आपल्या तालुक्याच्या गावी, नगरकडच्या अकोल्यात. जपानमध्ये नाही. जपानमध्ये नुसता तिचा हात गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्याकडं दोन गोष्टी पसरल्यात आणि दोन्ही खोट्या आहेत. एक अशी, की परक्या मुलखातल्या लोकांनी आपल्या पोरीचे हाल केले. दुसरी अशी, की पोरगीच बावळट, मशिनीत हात घालून बसली. पहिली ऐकून तुम्ही हळहळता, दुसरी ऐकून मान हलवता, आणि दोन्हींत जपानी शिकवून तिकडं पाठवणाऱ्या त्या क्लासचं नाव कुठंच येत नाही. म्हणून हे लिहितेय. राजूरच्या बाजूला घरी राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही. कारण आपण सगळेच फोनवर सगळं छान आहे म्हणतो.

आम्ही दोघी एकाच वाडीच्या. ज्या नाक्यावरून आमची माणसं जीपमध्ये कोंबून नारायणगावला भाजीच्या रानात मजुरीला जातात, त्याच नाक्यावर आम्ही जपानला निघालो त्या सकाळी उभ्या होतो. हातात चाकाच्या बॅगा, अंगात क्लासनं दिलेले निळे कोट. जीपवाल्यानं बॅगा टपावर टाकताना विचारलं, टोमॅटो तोडायला एवढे कपडे लागतात व्हय? सगळे हसले. सविताची आई, चांगुणामावशी, घरचा तांदूळ बांधून घेऊन आली होती. विमानतळावर नेऊ देत नाहीत म्हटल्यावर तिनं गाठोडं परत काखेत घेतलं आणि सविताच्या कानाशी म्हणाली, “मालकाला उलटून बोलू नको. मुकाट्यानं ऱ्हायलीस म्हंजी समदी चांगली म्हनतील.” माझ्या वडिलांना माझी काळजी वेगळीच होती. मी कॉलेजात असताना हिरड्याच्या भावासाठी निघालेल्या मोर्चांची पत्रकं लिहायचे, वाडीत मला पत्रकवाली म्हणत. ते एवढंच म्हणाले, “तिकडं मोर्चा नको काढू.” तेव्हाही सगळे हसले. जीप निघाली तेव्हा मावशी गाठोडं काखेत धरून तशीच उभी होती.

आता क्लासचं सांगते. एसटी स्टँडच्या मागं, बी-बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात युरियाचा वास. खोटं कशाला बोलू, मला ती भाषा आवडली. इंग्रजीनं मला दहावीपर्यंत रडवलं होतं. ही भाषा आपल्यासारखीच बसते. क्रियापद शेवटी येतं, मोठ्या माणसाशी बोलण्याची तऱ्हा वेगळी, घरात शिरताना चपला बाहेर. हिरागाना अक्षरं मी चुलीपुढच्या राखेत काटकीनं गिरवली. सविता माझ्या मागून यायची आणि पायानं पुसायची, म्हणायची, आता न बघता काढ. तिचा हात सुंदर होता. वहीत तिची अक्षरं बघून सर म्हणायचे, छापल्यासारखं आहे. त्या हाताबद्दल मी बोलतेय.

त्या सोमवारी सरांनी नवीन धडा काढला. पुस्तकातला नव्हता. सगळ्यांना शहाबादी फरशीवर गुडघे मुडपून, पाय मागं दुमडून, जपानी पद्धतीनं ताठ बसवलं. मग ते रांगेतून फिरायचे आणि एकेकीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून खाली दाबायचे. दाबून विचारायचे, दाईजोबू? म्हणजे ठीक आहे ना? आपण हसून म्हणायचं, दाईजोबू देस, ठीक आहे. दुखलं तरी तेच. पाय बधिर झाले तरी तेच. डोळ्यांत पाणी आलं तर जिच्या डोळ्यांत आलं तिनं पुन्हा पहिल्यापासून बसायचं.

दुखतंय हा शब्द आम्हाला येत होता. इताई. पुस्तकात डॉक्टरच्या धड्यात होता, पोट दुखतं, दात दुखतो, सगळं आम्ही तोंडपाठ म्हणायचो. पण फरशीवर तो चालत नव्हता. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी इताई देस म्हणाले. दुखत होतं म्हणून म्हणाले. सरांनी मला उभं केलं आणि वर्गाला म्हणाले, ही बघा आमची पुढारीण. मग गंभीर होऊन म्हणाले, “तक्रार करणारी माणसं जपानला नकोत. आदिवासी पोरी कणखर असतात, हे सांगून मी तुमच्या जागा आणतो. माझं तोंड पाडू नका.”

हे वाक्य नीट वाचा. आमची हुशारी सांगून नाही, भाषा सांगून नाही. आमचं सोसणं दाखवून तो माणूस जागा आणत होता. आवणीच्या दिवसांत आम्ही दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपं लावतो, तेच त्याच्या दुकानाचं भांडवल.

सविता यात सगळ्यांत पुढं होती. तिला बसवलं की ती हलायची नाही. सर म्हणायचे, सविता-सानकडं बघा. कंपनीची माणसं व्हिडिओवर आली की तिला पुढच्या रांगेत बसवायचे. ती मला म्हणायची, तू उगाच इरेला पडतेस, तेवढं म्हनून टाकावं. दोन महिन्यांत तिला विचार करावा लागेना. खांद्यावर हात पडला की तोंडातून तेच निघायचं, आणि चेहऱ्यावर हसू.

मग आम्ही गेलो. ती तयार जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात, मी दूरच्या दुसऱ्या गावात म्हाताऱ्या माणसांच्या निवासात. बर्फ गुडघ्याएवढा पडायचा. दर रविवारी आमचा फोन.

माझ्या निवासात पहिल्या आठवड्यात मला धक्का बसला. तिथं पाळी बदलताना सगळे उभे राहून आधीच्या पाळीत काय काय झालं ते सांगतात, मोउशिओकुरी म्हणतात त्याला. एक बाई म्हणाली, कपडे बदलताना माझं नख लागलं, आजोबांच्या दंडावर ओरखडा आहे. दुसरा म्हणाला, काल उचलताना माझ्या कमरेत कळ आली, आज मला वजनदार माणूस देऊ नका. कुणी हसलं नाही. मुख्य बाई वहीत लिहून घेत होत्या. मला म्हणाल्या, लहानसं असलं तरी सांगत जा, आम्हाला लपवलेल्याची भीती वाटते. आणि माझ्या वाट्याला आलेली एक आजी तर, कूस बदलायला हात लावायच्या आधीच इताई इताई करून मजला डोक्यावर घ्यायची. माझ्या हाताला चापट मारायची. मग दुपारी तिच्या वाटणीचं संत्रं माझ्या खिशात कोंबायची. बोलायला मी तिच्याकडूनच शिकले. महिनाभरात मी पाठ दुखतेय म्हणून रजा मागितली आणि मिळाली. त्या रविवारी मी सविताला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “तुझ्याकडं चालत असंल. आमच्याकडं मला लई चांगली म्हनत्यात.”

सगळा जपान माझ्या निवासासारखा आहे असं मी म्हणत नाही. माणसाला पिळून काढणारे तिथंही आहेत. पण दुखलं तर सांगायचं नाही असा जो जपान सरांनी आम्हाला फरशीवर शिकवला, तो मला तिथं कुणी शिकवला नाही. तो अकोल्यात तयार झाला होता.

ऐन थंडीत, सकाळच्या पाळीत, सविताचा उजवा पंजा सरकत्या पट्ट्याच्या रुळाखाली गेला. रक्त आलं नाही. रबरी हातमोजा फाटला नाही. पट्टा थांबला, हात निघाला. तिथला मुकादम धावत आला, आणि तिला आधार द्यायला त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. विचारलं, दाईजोबू?

सविता हसून म्हणाली, दाईजोबू देस.

त्यानं पुन्हा विचारलं. तिनं वाकून पुन्हा तेच सांगितलं. पट्टा सुरू झाला. हातमोज्यात पंजा सुजत राहिला आणि ती पाळी संपेपर्यंत डाव्या हातानं डबे भरत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शर्टाचं बटण लावता येईना, म्हणून तिच्या खोलीतल्या व्हिएतनामी मुलीनं पांघरूण ओढून हात बघितला आणि तिला तशीच ऑफिसात नेलं. बोटं काळीनिळी पडली होती. लगेच ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, कालच आली असती तर. आज तिची तीन बोटं मिटत नाहीत. पेन धरता येत नाही, रोप धरता येत नाही.

मी सुट्टी काढून दवाखान्यात गेले तेव्हा तो मुकादम तिथं होता. वयस्कर माणूस, टोपी हातात चुरगाळत बसलेला. मी त्याला झोडपायच्या तयारीनं गेले होते, गाडीत बसून वाक्यं जुळवली होती. तो उठून माझ्यापुढं वाकला आणि म्हणाला, मी तिला दोनदा विचारलं होतं. हातमोजा काढून बघायला हवा होता, ते माझं चुकलं. पण ती हसत होती.

तो गेल्यावर मी सविताला विचारलं, का गं? ती म्हणाली, “त्यानं खांद्यावर हात ठिवला ना. मला वाटलं मी फरशीवर बसल्याली हाय.”

यानंतर मला कुणी सांगू नये की हात जपानमध्ये गेला.

या आवणीला मी रजेवर घरी आले. घर म्हणजे काय, यावर तिकडं राहून मी पुष्कळ विचार केला होता. पावसाचा आवाज, भाकरीचा वास, असलं काहीतरी मनात घेऊन आले होते. अकोल्याच्या स्टँडवर उतरले आणि समोर क्लासचा फ्लेक्स. त्यावर सविता. निळा कोट, हसरा चेहरा, दोन्ही हात नीट जुळवून मांडीवर ठेवलेले. दोन्ही हात धड. खाली लिहिलंय, तुमचीही मुलगी.

वाडीत चांगुणामावशी वाफ्यात एकटीच रोपं लावत होती. सविता बांधावर बसून डाव्या हातानं रोपांच्या मुठी बांधत होती, त्या सुटत होत्या. येणारा जाणारा विचारायचा, कसा हाय हात? ती म्हणायची, बरा हाय. मलाही तेच म्हणाली. मावशी चिखलातूनच बोलली, “मीच तिला मुकी करून धाडली गं. मीच सांगितलं हुतं, बोलू नको.” मी म्हणाले, मावशी, आई असं सांगतेच, त्याचा क्लास कुणी काढला ते बघ. मावशीनं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं पुढचं रोप रोवलं.

मग मी विचारलं, अंजना कुठंय? अंजना ही सविताची पाठची बहीण, यंदाच बारावी झालेली. सविताच म्हणाली, क्लासला. सर स्वतः वाडीवर आले होते. म्हणाले, झालं ते वाईट झालं, सवितानं नीट सांगितलं नाही, तिचा निष्काळजीपणा नडला. पण तुमचं घर मी वाऱ्यावर सोडणार नाही, तिच्या जागी धाकटीला पाठवतो. आणि घरातल्यांनी त्यांना चहा पाजला.

मी दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये गेले. जिन्यात तोच वास. सरांनी ओत्सुकारेसामा, म्हणजे फार कष्ट घेतलेस, म्हणून स्वागत केलं, खुर्ची दिली, आणि म्हणाले, बरं झालं आलीस, पोरींना चार प्रेरणेचे शब्द सांग. मी फ्लेक्स उतरवा म्हणाले. ते म्हणाले, अगं, त्यात तिचा मानच आहे. मी फरशीचं विचारलं. ते हसून म्हणाले, तुला तेव्हाही जमलं नव्हतं.

आत पोरी बसल्या होत्या. गुडघे मुडपून, ताठ, पुढच्या रांगेत अंजना. मी तिच्यासमोर खाली बसले आणि आपल्या भाषेत विचारलं, “अंजे, पाय दुखत्यात का?” तिनं आधी माझ्या मागं उभ्या असलेल्या सरांकडं बघितलं. मग हसून म्हणाली, दाईजोबू देस. मी म्हणाले, ऊठ, घरी चल. ती हसू तसंच ठेवून हळूच म्हणाली, “ताई चुकली. मी न्हाई चुकायची.”

ती उठली नाही. एकटीनं मला तिला उठवता आलं नाही, म्हणून हे पत्रक.

मी परत जाणार आहे. माझी आजी तिथं इताई इताई करत माझी वाट बघत असेल, आणि आता मला घर म्हटलं की ती खोलीही आठवते. जिथं दुखतंय म्हटल्यावर समोरचा हात थांबतो, ते घर. आपल्या वाडीत आज सविताला ते नाही. तिला विचारणारे पुष्कळ आहेत, पण खरं उत्तर येईपर्यंत थांबणारा कुणी नाही.

जपानी शिकू नका असं मी म्हणत नाही. शिका, जरूर शिका. पण ज्याची मुलगी, बहीण, भाची आज कुठल्याही गावातल्या असल्या क्लासला जाते, त्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. उद्या कामाचा खाडा करा. क्लासचा जिना चढा. तुम्हाला बाहेर बसवतील, चहा देतील, तो घेऊ नका. आत जा, सरांना बाहेर काढा, दार लावा. मग तिच्यासमोर फरशीवर बसा आणि आपल्या बोलीत विचारा, कुठं दुखतंय. पहिलं उत्तर खोटं येईल. दुसरंही येईल. ती खरं बोलेपर्यंत तिथून उठू नका. आणि अकोल्याच्या स्टँडवरून जात असाल, तर जाता जाता सविताचा तो फ्लेक्स उतरवा.