चौकशीच्या खिडकीतले साहेब

आटपाडीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या साहेबांकडं एकच उत्तर असतं. पंखा कधी फिरणार? नवी गाडी कधी? "प्रस्ताव गेलाय."

मध्यंतरी वाडीची मुक्कामी गाडी बंद करायचं चाललं होतं. माणसंच नसतात म्हणे. सकाळी त्याच गाडीनं वाडीच्या पोरी शाळेला येतात. प्रवासी मोजायला सांगलीहून अधिकारी येणार, त्याच्या आदल्या दिवशी साहेब मला म्हणाले, "मास्तर, उद्या घरातली समदी घिऊन गाडीत बसा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आटपाडीतूनच गाडी खच्चून भरली. साहेबही साध्या कपड्यांत, बायको-मेव्हण्यांसकट दांडीला लटकलेले. मोजणी करून अधिकारी खूश होऊन फाट्यावर उतरले, मागून आलेल्या जीपमधून गेले. मग आम्हीही उतरलो.

"साहेब, आता परत कसं जायचं?"

"परतीच्या गाडीचा प्रस्ताव गेलाय," म्हणत साहेब आटपाडीच्या दिशेनं चालायला लागले.