मावशीच्या घरामागचा तट

परवा एका वाचकानं विचारलं, "काका, आपल्या भागातल्या जुन्या तटावरून चालत फिरायचं आहे. किती वेळ लागतो? पायात काय घालावं?" पायात काहीही घाल बाबा, डोकं तेवढं थंड ठेव. माझं राहिलं नव्हतं. त्या फेरीला आता पन्नास वर्षं होत आली, तरी आजही लिहायला बसलो की कानशिलं तापतात.

गावाचं नाव लिहिणार नाही. तिथल्या घरांतली नातवंडं हा ब्लॉग वाचतात आणि या वयात कुणाच्या दारात भांडायला जायची मला हौस नाही. मंगरूळपीरच्या पुढचं, तीन वेशींचं, दगडी तटाचं गाव, एवढ्यावर भागवून घ्या.

तेव्हा मी वाशीमला पोस्टात होतो. वाशीम अजून जिल्हा झालेला नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. दसऱ्याला आठ दिवस असतील. सकाळचं टपाल निवडताना एक पोस्टकार्ड हातात आलं आणि बघतो तर माझ्याच नावाचं. गयामावशीनं शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं. "पल्लाद, कचेरीतून कागद आला हाय. घर पाडतो म्हन्ते. येऊन वाच." बस, एवढंच. मी दोन दिवसांची रजा टाकली.

पहाटेच्या एसटीनं मंगरूळपीर, तिथे चहा आणि गरम आलुबोंडा, मग पुढची गाडी तासाभरानं म्हणून सांगितलेली ती दोन तासांनी. भाडं दोन्ही मिळून तीन रुपयांच्या आत. आमचं आसेगाव याच तालुक्यात. बाबांना कळवलं असतं तर तेही निघाले असते, पण कापूस वेचणीला आला होता, म्हणून कळवलं नाही. मंगरूळच्या पुढे डांबर संपायचं आणि मुरूम सुरू व्हायचा. मागच्या बाकावर बसलो होतो, त्यामुळे उतरताना माझा पांढरा शर्ट मुरुमाच्या रंगाचा झालेला.

मावशी तटाच्या बाहेर राहायची. आमच्या लोकांची अकरा घरं, तटाला पाठ लावून ओळीनं. तिच्या घराला भिंती तीनच, चौथी म्हणजे तट. मातीचं घर, पण तटाचे काळे चिरे तिनं पुसून पुसून लखलखीत ठेवलेले. त्यातल्या एका खोबणीत दिवा, एकीत फणी, एकीत मावसाजींचा फोटो. मावसाजी जाऊन बारा वर्षं झाली होती. मावशी साठीची, दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करून राहणारी.

मी कागद वाचला. छापील भाषा मी रोज बघायचो, पण ही वाचताना जीभ अडखळली. तटास लागून बाहेरच्या बाजूने बांधलेल्या घरांमुळे प्राचीन तटाची हानी होत आहे, सबब पंधरा दिवसांत घरे काढून घ्यावीत.

"हानी म्हन्जे काय?" मावशीनं विचारलं.

"तुमच्यामुळे तट खराब होऊन राहिला, असं म्हणतात."

"बाप्पा!" मावशीनं तटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमच्यानं?"

तिनं भाकर वाढली. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर तेल आणि कांदा. पोट भरलं पण राग काही खाली बसेना. मी म्हटलं, "मावशी, आपण तटावरून पुरा गाव फिरू. तट कुठं कुठं खराब झाला आणि कुणामुळे झाला, सगळं लिहून घेतो. उद्या कचेरीत तोंडावर टाकतो."

"म्या येऊ? वर?"

"का? कधी चढली नाहीस?"

चढली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून पंचेचाळीस वर्षं त्या तटाला पाठ टेकून निजली, पण वर कधी गेली नव्हती. जिना आतून. आत जायचं ते कामाला, आणि काम झालं की बाहेर. तिच्या सासऱ्याकडे मोठ्या वेशीची राखण होती. मला वाटायचं राखणदार म्हणजे वेशीच्या आत, देवडीत बसणारा. मावशी म्हणाली, "नाई रे. दिवस बुडाला का दरवाजा लागे. कडी आतून. सासरा बाहीर निजे, पावसापान्यात. राखाचं आमी, न् कडी त्यायच्याकडं."

दुपारचे दोन वाजले असतील. मोठ्या वेशीच्या आतल्या जिन्यानं आम्ही चढलो. पायऱ्या उंच, मधल्या दोन निखळलेल्या. मावशीनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि माझा हात न धरता वर आली. वर दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंदी. एका बाजूला गावाची कौलं, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेतं, नाला आणि खाली ओळीत आमच्या लोकांची छपरं. मावशी थांबली.

"इतलंसं हाय माहं घर?" म्हणाली. "पत्रा सडला वाटते मधात." आणि पुढं चालू लागली.

तुम्हाला जायचं असेल तर सांगतो, पहिला टप्पा झकास आहे. होता. शंभरेक पावलं तट असा ताठ की वर कपभर चहा घेऊन चाललात तरी सांडायचा नाही. घाईत मी तेव्हा त्याची नोंदसुद्धा केली नाही. मी खराबी शोधायला निघालो होतो ना!

बुरूज ओलांडला आणि खराबी सुरू झाली. आतल्या बाजूच्या एका माडीनं तटात सरळ दोन खिडक्या पाडल्या होत्या. पुढच्या घराचा संडास तटात खोदलेला. त्याच्या पुढे तटाचा वरचा थरच नाही, आणि खाली पाहावं तर नवाकोरा गोठा, काळ्या घडीव चिऱ्यांचा. शेवाळाची बाजूसुद्धा त्यांनी खरवडली नव्हती. मी वहीत लिहीत होतो आणि खालून आवाज आला.

"कोन हाय रे वर? उतरा! घरातल्या बाया दिसते तठून."

गावातले मोठे शेतकरी, सगळे त्यांना आबासाहेब म्हणायचे. मावशी त्यांच्या शेतात निंदायला, म्हणजे तण काढायला, जायची.

"म्या हाय, आबासाहेब. गया."

"तू? तू कायले चढली?"

"मले नोटीस आली, तट खराब केला म्हनून. म्हनून पाहून राह्यली, कुठी खराब केला म्या." मावशीनं गोठ्याकडे बोट केलं. "हे चिरे लय मस्त बसले तुमचे. तुमाले नाई आली का नोटीस?"

आबासाहेबांनी मान वळवली आणि आतच गेले. मला हसू आलं. मावशीला आलं नाही. ती हळूच म्हणाली, "आता निंदाले नाई बलावत मले." मग माझंही हसू राहिलं नाही.

नदी वेशीपर्यंत आणखी वाईट. तिथे तटातून पिंपळच पिंपळ. मांडीएवढ्या मुळ्या चिऱ्यांत शिरलेल्या, भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. वेशीच्या कमानीतसुद्धा एक जोमदार पिंपळ, आणि खालच्या हॉटेलवाल्यानं त्याला दोरा गुंडाळून कुंकू लावलेलं. आम्ही तिथे चहा प्यायलो. मी म्हटलं, "हा पिंपळ कमान पाडणार तुमची."

"मंग? तोडाले सांगता का?" हॉटेलवाला घाबरला. "मुंजा लागीन मले. पह्यले तुमचीच लोकं काढत, भाऊ. आता तुमी नाई म्हन्ता."

हे मात्र मला नवीन होतं. मी मावशीकडे पाहिलं. ती बशीतला चहा फुंकत होती.

नदी वेस ते बाजार वेस चाललो असं म्हणता येणार नाही. तटच नव्हता. दगडांचे ढीग, बाभळी, उकिरडे. बाजार वेशीपासून पुन्हा थोडा तट लागतो, कुठे कमरेएवढा, कुठे डोक्याएवढा, आणि मग उन्हं कलता कलता आम्ही परत मोठ्या वेशीजवळ, त्या पहिल्या टप्प्यावर. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अख्ख्या गावाच्या तटात एवढा एकच तुकडा शाबूत होता. एक चिरा हललेला नाही, एक मूळ नाही. तो तुकडा बरोब्बर आमच्या अकरा घरांच्या पाठीमागचा.

"मावशी, इथं पिंपळ कसा नाही?"

"हाय नं. ते काय." तिनं खाली बोट दाखवलं. प्रत्येक दारापुढे रॉकेलचे कापलेले डबे, त्यांत वीत वीतभर पिंपळाची रोपं. मी सकाळपासून पाहत होतो. फुलझाडं असतील म्हणून निरखत नव्हतो, एवढंच.

मग तिनं सांगितलं. पूर्वी दसऱ्याआधी आत दवंडी व्हायची आणि बाहेरच्या लोकांनी सगळा तट साफ करायचा. फुकट. आतल्यांना पिंपळाला हात लावायची भीती, मुंजा लागला तर आमच्या लोकांना लागो. छप्पन साली धर्म घेतला आणि वेठ बंद झाली. आता पिंपळ तर आमचाच बोधिवृक्ष, त्याला कोयता कसा लावायचा? आणि न लावावा तर घराची पाठच जाईल. बायकांनी बसून विचार केला. पावसाळा सरता सरता फटी ओल्या असतात. तेव्हा खुरप्याच्या टोकानं सांध्यातली माती मोकळी करायची, अंगठ्याएवढं रोप मुळासकट ओढून काढायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं, डब्यात लावायचं. फट चुन्यानं बुजवायची. रोप धरलं की नाल्याच्या काठी लावायचं. अठरा वर्षं हे चाललं होतं. फक्त स्वतःच्या घरामागं. बाकीच्या तटाचं बाकीच्यांनी पाहावं, आणि बाकीच्यांनी गोठे बांधले.

रात्रभर तळमळलो. सकाळी अकराला गावातल्याच कचेरीत. ओव्हरसियर तरुण होता, बाहेरून बदलून आलेला, माणूस वाईट नव्हता. त्यानं वही पूर्ण वाचली. चहा मागवला. मग म्हणाला, "तुमचं सगळं खरं आहे. पण आतल्या लोकांचं अतिक्रमण धरता येत नाही हो. त्यांची घरं पिढ्यान् पिढ्यांची."

"आणि यांची?"

"यांच्याकडे कागद कुठाय?"

"तट घ्या ना कागद म्हणून! या, दाखवतो."

माझा आवाज इतका चढला होता की शिपाई दारात आला. पण ओव्हरसियर उठला. सायकल घेऊन माझ्याबरोबर आला, वर चढला, दोन्ही बाजूंचा तट पाहिला. मावशीनं त्याला बुरुजापलीकडच्या फटीतलं एक रोप काढून दाखवलं. खुरपं, चिमूट चिमूट माती, मग हळूच मूळ, शेवटच्या केसापर्यंत. तो उकिडवा बसून पाहत राहिला. मला वाटलं, जिंकलो.

"शाब्बास, मावशी," तो म्हणाला. "अशी कला कुणाकडे नाही. मी वर लिहितो. घरं तर काढावीच लागतील, रस्त्यावरून तट दिसला पाहिजे असं वरून आलंय. नाल्याकडे जागा देऊ तुम्हाला. पण दरवर्षी दसऱ्याआधी तुम्ही बायकांनी यायचं आणि हे काम करून जायचं. तट तुमचाच आहे."

मी काही बोलणार तोच मावशी उठली. खुरपं पदराला पुसलं.

"साहेब, माहा सासरा बाहीर निजून वेस राखे. कडी आतून. तुमी मले तेच सांगून राह्यले." ती ओरडली नाही, वाईट याचंच वाटतं. "घर असन तं पाठ राखीन. घर नाई तं नाई राखत."

त्यानं खाली पाहिलं, सायकल घेतली आणि गेला. त्याच्या हातात तरी काय होतं, असं लोक मला आजही म्हणतात. लेखणी होती की!

दुपारच्या गाडीनं मी निघालो. मावशीनं एक डबा माझ्या हातात दिला. वाशीमपर्यंत मांडीवर घेऊन आलो. कंडक्टर म्हणाला, झाडाचं तिकीट काढा.

नंतर मी अर्ज केले, चार ठिकाणी. उत्तर एकाचं आलं, त्यात जावक क्रमांक ठळक होता. संक्रांतीनंतर अकरा घरं गेली. मावशीला नाल्याकाठी जागा मिळाली आणि तिथे सावली होती, कारण तिथले पिंपळ याच बायकांनी लावलेले. तट रस्त्यावरून छान दिसू लागला. दोन-तीन वर्षं दिसला. मग फटींतून पालवी आली, ती काढायला कुणी नव्हतं. मुंजाची भीती आत तशीच होती. आठेक वर्षांनी एका पावसाळ्यात तो तुकडा दुपारच्या वेळी बसला. कुणाला लागलं नाही. आठवड्याच्या आत घडीव चिरे बैलगाड्यांनी आत गेले, त्याची नोटीस कुणालाच आली नाही.

मी मावशीला भेटायला गेलो तेव्हा ती पिंपळाखाली तूर निवडत होती. म्हणाली, "सासरा असता तं रडला असता. म्या नाई रडली." तुरीतला खडा बाजूला टाकून म्हणाली, "फोटोची खोबन होती नं त्यात, ते आठोते."

तेव्हा वाचकहो, फेरीला किती वेळ लागतो? आता अर्धा तासही पुरेल. मोठी वेस उभी आहे, बुरूज आहे, त्यावर एक फलक आहे की या वास्तूचं नुकसान करणाऱ्यास शिक्षा होईल. पाण्याची बाटली न्या. नाल्याकडे वळलात तर मोठाले पिंपळ दिसतील, त्यांच्यावर फलक नाही.

माझ्या डब्यातला पिंपळ वाशीमच्या घरासमोर आहे. दोन माणसांच्या कवेत मावत नाही. त्याचं बी पाखरांमुळे कंपाउंडच्या भिंतीत रुजतं, मागच्या वर्षी एक राहून गेलं, तडा गेला. नातू म्हणाला, "आजोबा, तोडून टाकू ना." मी खुरपं घेऊन त्याला शेजारी बसवलं. म्हटलं, हा तोडायचा नसतो, वेळेवर मुळासकट हातानं काढायचा असतो. आणि काढणाऱ्याला घरातून काढायचं नसतं.